व्हाया म्हैसूर, रेंज फुल!
नेटवर्क इंजिनिअरच्या वाटेवरचे १५ चटपटीत थांबे

‘पोरगा म्हैसूरला ट्रेनिंगला आहे.’ कोल्हापूर, सांगली, पुणे, नागपूर... महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं. चामुंडी टेकडी, राजवाडा, मैसूरपाक हे सगळं सुट्टीच्या दिवशी. एरवी म्हैसूर म्हणजे शिकायचं गाव. इन्फोसिसचं अवाढव्य प्रशिक्षण संकुल इथे आहे. बीएसएनएलचं प्रादेशिक दूरसंचार प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे, आणि तिथे टेलिकॉमचे कर्मचारी पुन्हा वहीपेन घेऊन बसतात. आपल्या हातातला फोन चालता ठेवणारा नेटवर्क इंजिनिअर घडतो कसा, कुठल्या पायऱ्या चढतो आणि त्या पायऱ्यांवर कोणकोणत्या गमती भेटतात? चला, म्हैसूरहूनच निघू या.

१. श्रीगणेशा ३० वॅटचा

म्हैसूरला रेडिओ आणणारा माणूस इंजिनिअर नव्हता. एम. व्ही. गोपालस्वामी महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांनी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. ट्रान्समीटर होता ३० वॅटचा. जुन्या छताच्या पंख्यालाही याच्या दुप्पट वीज लागते! केंद्राचं नाव ठेवलं ‘आकाशवाणी’, आणि पुढे अख्ख्या ऑल इंडिया रेडिओनं तेच नाव घेतलं. टेलिकॉमच्या वाटेवर पदवीच्या आधी कुतूहल लागतं, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

२. बाराव्या वर्षी लायसन्स

गाडीच्या लायसन्ससाठी अठरा वर्षं थांबावं लागतं. भारतात हॅम रेडिओचं लायसन्स मात्र वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळू शकतं. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, रेडिओचे नियम आणि प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं, की स्वतःचा कॉलसाइन मिळतो. भारतातले हे कॉलसाइन ‘व्हीयू’नं सुरू होतात. पूर, वादळ, भूकंपात मोबाइलचे टॉवर कोलमडले की हीच हौशी मंडळी निरोप पोचवतात. शाळेतल्या मुलाला किंवा मुलीला या क्षेत्राची गोडी लावायची असेल, तर अँटेना स्वतः बांधून दूरचा आवाज पकडू द्या. महागड्या क्लासपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

३. कॉलेज म्हैसूरचं, विद्यापीठ बेळगावचं

म्हैसूरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे एनआयई, १९४६ ची. जयचामराजेंद्र कॉलेज १९६३ चं. कर्नाटकातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी जोडलेली आहेत, आणि या विद्यापीठाचं मुख्यालय आहे आपल्या ओळखीच्या बेळगावात. गंमत पुढे आहे. ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले पुण्यात! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, ते १८८३ मध्ये बाहेर पडले. पहिली नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. १९१२ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. पुण्यात शिकून म्हैसूर गाजवायची वाट इतकी जुनी आहे.

४. तीन दरवाजे, एकच इमारत

या क्षेत्रात शिरायचे सरकारी दरवाजे तीन. डिप्लोमा केला, तर ज्युनिअर इंजिनिअर. जुने लोक याच पदाला अजून ‘टीटीए’ म्हणतात. बीई झालं, तर जेटीओ, म्हणजे ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा पार केली, तर थेट भारतीय दूरसंचार सेवा. जेटीओचा पुढे एसडीई होतो, मग डिव्हिजनल इंजिनिअर, मग डीजीएम, जीएम. खासगी कंपन्यांत पायऱ्यांची नावं वेगळी. फील्ड इंजिनिअर, मग एल-वन, एल-टू, एल-थ्री, पुढे प्लॅनिंग आणि शेवटी आर्किटेक्ट. एल-वन तक्रार नोंदवून पहिला उपाय करतो, एल-टू खोलात शिरतो, आणि दोघांनाही न सुटलेलं कोडं एल-थ्रीच्या टेबलावर येतं.

५. शहर मोठं, कोड छोटा

म्हैसूरचा एसटीडी कोड ०८२१. पुण्याचा ०२०. रत्नागिरीचा ०२३५२. पुण्याचा कोड सगळ्यांत छोटा का? कारण सुरुवातीचा शून्य सोडला, तर कोड आणि फोन नंबर मिळून नेहमी दहाच आकडे होतात. पुण्याला दोन आकडी कोड, म्हणून आठ आकडी नंबर. म्हैसूरला तीन आणि सात. रत्नागिरीला चार आणि सहा. शहर जितकं मोठं, तितके जास्त नंबर लागणार, म्हणून कोड आखूड. देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौदरम्यान सुरू झाली. त्याआधी ट्रंक कॉल लावायचा आणि ऑपरेटरच्या आवाजाची वाट बघत बसायचं.

६. रंग पाठ, तर काम फत्ते

नव्या फील्ड इंजिनिअरला सगळ्यात आधी काय पाठ करावं लागतं? रंग! जुन्या तांब्याच्या केबलमध्ये पाच मुख्य रंग आणि पाच जोडीचे रंग. पाच गुणिले पाच, झाल्या पंचवीस जोड्या. प्रत्येक जोडीची ओळख वेगळी. फायबरमध्ये बारा रंग, तेही ठरलेल्या क्रमानं. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटी फिकट निळा. रात्री दोन वाजता, भर पावसात, बॅटरीच्या उजेडात राखाडी आणि पांढऱ्यात गल्लत झाली, तर इथल्या ग्राहकाचा फायबर तिसऱ्याच कुणाला जोडला जातो. म्हणून अनुभवी लोक हा क्रम पाढ्यांसारखा घोकून घेतात.

७. जेसीबी कुठे आडवा आला?

सिंगल-मोड फायबरचा काचेचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागही नाही. त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हैसूर ते बेंगळुरू हे १४५ किलोमीटर पार करायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. पण रस्त्याच्या कामाला जेसीबी आला आणि फायबर तुटला, तर? तुटकी जागा शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र लावतात. ते फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं, परत येणाऱ्या प्रकाशाला लागलेला वेळ मोजतं आणि तुटलेली जागा किती अंतरावर आहे ते सांगतं. मग तिथे खड्ड्याशेजारी बसून दोन टोकं साफ करायची, स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर धरायची आणि ठिणगीच्या उष्णतेनं एकजीव करायची. जोड चांगला बसला, तर प्रकाशाला तो जाणवतही नाही. हे काम स्वतःच्या हातानं केलेला इंजिनिअर पुढे कितीही वर गेला, तरी नकाशावरच्या रेघेकडे आदरानं बघतो.

८. किट्टूरची कमाल

राणी चन्नम्मांचं किट्टूर बेळगाव जिल्ह्यात आहे. जुलै १९८६ मध्ये याच गावात सी-डॉटचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज, म्हणजे ‘रॅक्स’, सुरू झालं. लाइन १२८. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानं सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था १९८४ मध्ये उभी राहिली होती. परदेशी डिजिटल एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागायची, आणि आपल्या खेड्यात एसी कुठून आणणार? सी-डॉटच्या तरुण इंजिनिअरांनी उन्हाळा, धूळ आणि विजेचा लपंडाव गृहीत धरून यंत्र बनवलं. ते एसीशिवाय चाललं, गावोगाव गेलं, आणि तालुक्याच्या पलीकडे कधी फोन न लागलेल्या गावांतून मुंबई-पुण्याला कॉल होऊ लागले. परदेशी यंत्राची नक्कल न करता आपल्या गरजेला धरून काम केलं की काय होतं, हे बघायला किट्टूरइतकं चांगलं ठिकाण नाही.

९. दसऱ्याची गर्दी आणि मॅनहोलमधला गणिती

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जंबू सवारी निघते. हत्तीवरची सोन्याची अंबारी दिसली की हजारो हात एकदम वर जातात, आणि प्रत्येक हातात मोबाइल! एकाच वेळी इतके जण लाइन मागणार असतील, तर किती लाइन ठेवाव्या? या प्रश्नाचं गणित मांडलं डेन्मार्कच्या ए. के. अर्लांग यांनी. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरी करताना १९०९ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख आला. मोजमापासाठी ते शिडीवाल्या कामगाराला बरोबर घेऊन रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये स्वतः उतरायचे. आज टेलिफोन वाहतुकीचं एकक त्यांच्याच नावानं आहे. एक लाइन तासभर सलग व्यस्त राहिली, तर तो एक अर्लांग. प्लॅनिंग इंजिनिअर यात्रा-जत्रांसाठी याच गणितावर चाकांवरचे तात्पुरते टॉवर मागवतो. ‘सेल ऑन व्हील्स’ या नावाची आद्याक्षरं जोडून टेलिकॉमवाले त्याला लाडानं ‘काऊ’ म्हणतात.

१०. अंत्यविधीवाल्यानं लावला शोध

ऑपरेटरशिवाय आपोआप फोन जोडणारं एक्सचेंज कुणी शोधलं? अमेरिकेत अंत्यविधीची कामं घेणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांनी! असं सांगतात, की गावातल्या टेलिफोन ऑपरेटरबाई त्यांच्या स्पर्धकाच्या घरच्या होत्या आणि स्ट्रोजर यांना येणारे फोन तिकडे वळवायच्या. धंदा बसू लागला, तेव्हा स्ट्रोजर यांनी ऑपरेटरची गरजच संपवायचं ठरवलं. १८९१ मध्ये पेटंट मिळालं, १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्त या गावी पहिलं एक्सचेंज सुरू झालं. ‘स्ट्रोजर’ एक्सचेंजची खटखट आपल्याकडेही कित्येक वर्षं ऐकू यायची. त्या काळी नोकरीला लागलेल्या मेकॅनिकला नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते कळायचं.

११. वर्षाला सव्वापाच मिनिटं

फील्डनंतरची पुढची पायरी म्हणजे ‘नॉक’, नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर. भिंतभर पडदे, लाल-हिरवे ठिपके आणि तीन पाळ्या. इथलं पवित्र वाक्य म्हणजे ‘पाच नऊ’. सेवा ९९.९९९ टक्के वेळ चालू राहिली पाहिजे. ऐकायला सोपं, पण हिशेब करा. वर्षभरात बंद राहायची मुभा फक्त सव्वापाच मिनिटं! तीनच नऊ, म्हणजे ९९.९ टक्के धरले, तर पावणेनऊ तास मिळतात. या खोलीत सर्वाधिक टाइप होणाऱ्या आज्ञांपैकी एक आहे ‘पिंग’. पलीकडचं यंत्र जागं आहे का, हे ती विचारते. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. दिवाळीच्या रात्री, गणपतीच्या विसर्जनाला, सगळं गाव रस्त्यावर असताना नॉकमध्ये कुणीतरी पडद्याकडे बघत बसलेलं असतं. आपल्या शुभेच्छा त्यांच्या जागरणावर पोचतात, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

१२. इंटरनेटचा रस्ता नॅपकिनवर

वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्क एकमेकांना रस्ता सांगतात ती बीजीपी या पद्धतीनं. म्हैसूरहून पाठवलेला फोटो टोरांटोला पोचतो तो याच्याच भरवशावर. तिचा पहिला आराखडा १९८९ मध्ये सिस्कोचे कर्क लोहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी नॅपकिनांवर काढला. तात्पुरती सोय म्हणून मांडलेली ही पद्धत सुधारत सुधारत आजही सगळं इंटरनेट पेलते आहे. तिच्यात एक चुकीची ओळ टाकली, तर अख्खी सेवा जगाच्या नकाशावरून काही तास गायब होऊ शकते. म्हणून या पायरीवरचे इंजिनिअर कीबोर्डवर बोट ठेवण्याआधी बदल कागदावर लिहितात, दुसऱ्याकडून तपासून घेतात आणि माघारीचा मार्गही आधीच ठरवून ठेवतात.

१३. पहिला नंबर माणसाचा नाहीच

नेटवर्कवाल्यांच्या बायोडेटात सीसीएनए, सीसीएनपी, सीसीआयई ही अक्षरं चढत्या क्रमानं येतात. सीसीआयई ही सिस्कोची सगळ्यात अवघड परीक्षा. प्रात्यक्षिक आठ तासांचं, आणि त्यासाठी बेंगळुरूतही प्रयोगशाळा आहे. १९९३ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा क्रमांक १ पासून न देता १०२४ पासून दिले. दोनचा दहावा घात म्हणजे १०२४, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. आणि तो पहिला क्रमांक दिला कुणाला? परीक्षेच्या प्रयोगशाळेला! माणसांची यादी १०२५ पासून सुरू होते. प्रमाणपत्रानं मुलाखतीचं दार उघडतं, पण आत गेल्यावर विचारतात ते एकच. नेटवर्क पडलं, तेव्हा तुम्ही काय केलं?

१४. लाटांखालचा महाराष्ट्र

आर्किटेक्ट झालात की नकाशा जगाएवढा होतो, आणि त्या नकाशात आपला महाराष्ट्र ठळक आहे. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारांनी मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. १९२७ मध्ये खडकी आणि दौंडच्या केंद्रांवरून बिनतारी संदेश विलायतेला जाऊ लागले. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात आर्वीला देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं; त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. आज देशांदेशांमधल्या डेटाचा बहुतांश प्रवास पुन्हा समुद्राखालूनच होतो, आणि त्या केबल भारतात उतरायचं मोठं ठिकाण मुंबईच आहे. खोल समुद्रात ही केबल जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीची असते. जहाजाच्या नांगरानं ती ओढली गेली, तर दुरुस्तीला खास जहाज जातं, तळातून टोक वर काढतं आणि डेकवर जोडतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यात जे काम चालतं, तेच इथे लाटांवर.

१५. एक नोकरी, चार पिढ्या

एन. आर. नारायण मूर्ती म्हैसूरच्या एनआयईचे १९६७ चे पदवीधर. १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात इन्फोसिस सुरू केली, तेव्हा कंपनीला टेलिफोन मिळायला वर्षभर लागायचं, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. पुढे ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या वर्षी बाविसाव्या वर्षी कामाला लागलेला इंजिनिअर अजून निवृत्तही झालेला नाही. टूजीवर सुरुवात, २००८ मध्ये थ्रीजी, २०१२ मध्ये फोरजी, १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी. एका नोकरीत चार पिढ्या, आणि प्रत्येक वेळी अभ्यास पहिल्यापासून! मधल्या काळात, जुलै २०१३ मध्ये, दीडशेहून अधिक वर्षं चाललेली तारसेवा बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी देशभर सुरू झालं. त्यात किट्टूरला पहिलं रॅक्स बसवणारी सी-डॉट होती, बेंगळुरूची तेजस कंपनी होती आणि मुंबईची टीसीएसही होती.

मग या वाटेला लागायचं, तर करायचं काय?

पदवी हवी, पण तेवढ्यावर थांबू नका. आयपी पत्ते आणि सबनेटिंग हाताशी असू द्या. आयपी व्ही-फोरमध्ये पत्तेच आहेत साधारण ४२९ कोटी, आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींपुढे गेली. म्हणून व्ही-सिक्स शिकण्याला पर्याय नाही. लिनक्स शिका. थोडं पायथन शिका, कारण शंभर राउटरांवर एकच बदल हातानं करायचे दिवस मागे पडले. वायरशार्क फुकट मिळतं. स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर त्यातून पाकिटं कशी येतात-जातात ते बघा. सुट्टीत शक्य झालं, तर एखाद्या स्प्लायसिंग टीमबरोबर दिवस काढा.

आणि घरच्यांनीही एक करावं. मुलगी टॉवरवर चढायचं म्हणाली किंवा मुलगा केबलच्या खड्ड्यात उतरला, तर ते काम हलकं समजू नका. खड्डा, टॉवर आणि नॉक या तिन्ही ठिकाणी घाम गाळलेला माणूसच पुढे देशाचं नेटवर्क आखतो. अर्लांगसारखा गणितीसुद्धा मॅनहोलमध्ये उतरला होता. शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्यांचा हा देश अशा माणसांच्या भरवशावर बोलतो, आणि त्याला अशी आणखी पुष्कळ माणसं हवी आहेत.